थांबण्याची विद्या

मोटारीविषयीं बोलावयास बसलेला मनुष्य बहुधा वेगाविषयीं बोलतो. कोणत्या सालीं कोणती गाडी ताशीं किती मैल धांवली, हें सांगितलें कीं ऐकणारालाहि बरें वाटतें. मी आज त्याच्या उलट बाजूनें बोलणार आहें. गाडी धांवते कशी हें नव्हे, तर ती थांबते कशी, आणि ही थांबण्याची विद्या माणसानें किती चुका करीत मिळविली, हा माझा आजचा विषय. मी आयुष्यभर शाळेंत इतिहास आणि गणित शिकविलें. यंत्रशास्त्राचा मी पंडित नव्हे. परंतु एका माजी विद्यार्थ्यानें मला असा एक प्रश्न विचारला कीं, त्याचें उत्तर शोधतां शोधतां मला जवळजवळ दोनशें वर्षांचा इतिहास चाळावा लागला.

हा विद्यार्थी आतां पन्नाशीच्या घरांत आहे. येथें रत्नागिरींतच त्याचा लहानसा व्यवसाय आहे. त्याच्या घरीं १९७४ सालची एक फियाट मोटार आहे. त्याच्या वडिलांनीं नंबर लावून, कित्येक वर्षें वाट पाहून ती घेतली होती. वडील गेले, गाडी राहिली. एके दिवशीं आईला कोल्हापुरास अंबाबाईच्या दर्शनास नेऊन हा परत येत होता. आंबा घाट उतरून साखरप्याकडे यावयाचें. पेट्रोल वांचावें म्हणून यानें गाडी न्यूट्रलमध्यें टाकली होती आणि सारा उतार ब्रेकवर सोंपविला होता. निम्मा घाट उतरल्यावर ब्रेकचें पेडल एकाएकीं मऊ झालें, ओल्या स्पंजावर पाय द्यावा तसें. आणि पुढच्याच वळणाआधीं तें तळाला टेंकलें. यानें कसाबसा गिअर घातला, हँडब्रेक थोडाथोडा ओढला, आणि गाडी डोंगराच्या बाजूच्या चरांत घासत नेऊन उभी केली. कोणाला इजा झाली नाहीं. आई कांहीं बोलली नाहीं. मात्र दुसऱ्या दिवशीं ती म्हणाली, "बाळा, यापुढें मी आपली एस. टी. नेच जाईन."

हें वाक्य त्याच्या जिव्हारीं लागलें. चार दिवसांनीं तो माझ्याकडे आला व म्हणाला, "सर, मागचे ड्रम काढून टाकतों आणि डिस्क ब्रेक बसवितों. मुंबईचे मित्र म्हणतात, ड्रम म्हणजे जुना जमाना. तुमचें काय मत?"

मीं म्हटलें, "मत देण्याआधीं मला थोडे दिवस दे."

ड्रम आणि डिस्क म्हणजे काय, हें प्रथम सांगतों. ड्रम म्हणजे चाकाबरोबर फिरणारें एक लोखंडी पातेलें समजा. त्याच्या आंत चंद्रकोरीच्या आकाराचे दोन तुकडे असतात. त्यांना शू म्हणतात. पेडल दाबलें कीं ते बाहेरच्या बाजूस फांकतात आणि पातेल्याच्या आंतल्या कडेला घासून चाक आवरतात. डिस्क म्हणजे चाकाबरोबर फिरणारा एक तवा. त्याला दोन्ही बाजूंनीं चिमट्यानें धरावें तसें दोन पॅड धरतात. आंतून ढकलून थांबविणें आणि बाहेरून चिमटून थांबविणें, एवढाच मुळांतील भेद.

आतां इतिहासाकडे वळूं, आणि प्रारंभ आपल्या घाटांपासूनच करूं.

कोंकण आणि देश यांच्यामध्यें सह्याद्रीची भिंत उभी आहे. घाट चढावयास बळ लागतें, उतरावयास अक्कल लागते. चढणाऱ्या गाडीला जादा बैल जोडतां येतात. उतरणाऱ्या गाडीला जादा बैलांचा उपयोग नाहीं, कारण सारें ओझें मागून त्यांच्याच मानेवर येतें. बोरघाटांतील गाडीरस्ता गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकीर्दींत १८३० सालीं खुला झाला. ओझ्याच्या बैलांच्या वाटेवर चाकें आलीं, आणि चाकांबरोबर त्यांना आवरण्याचा प्रश्न आला. गाडीवान चाकाच्या लोखंडी धांवेवर लाकडाचा ठोकळा आवळून धरीत. लाकूड घासे, तापे, धुराचा वास येई. पण बैलांच्या माना वांचत. आजच्या मोटारीच्या ब्रेकचें तत्त्व याहून निराळें नाहीं. गतीची उष्णता करावयाची आणि ती उष्णता हवेंत सोडून द्यावयाची.

ही उष्णता किती, याचा हिशेब मीं एकदां मांडून पाहिला. चार माणसें बसलेली फियाट बाराशें किलो वजनाची धरा. बोरघाटांतील रेल्वेचा चढ पायथ्यापासून माथ्यापर्यंत १,८३१ फुटांचा आहे. तेवढी उंची ही गाडी उतरली, आणि सारा भार ब्रेकनेंच पेलला, तर जी उष्णता निर्माण होते तिच्यांत सुमारें वीस लिटर गार पाणी उकळीस येईल. म्हणजे स्नानाचा एक बंब! तो बंब चार लहानशा ड्रमांच्या आंत तापत असतो. न्यूट्रलमध्यें घाट उतरणारानें हा बंब डोळ्यांपुढें आणावा. गाडी गिअरमध्यें असली तर यांतील बराच भार इंजिन आपल्या अंगावर घेतें.

रेल्वेनें हाच धडा अधिक मोठ्या प्रमाणावर शिकविला. १८६३ च्या मे महिन्यांत बोरघाटाचा लोहमार्ग सुरू झाला. कांहीं ठिकाणीं त्याचा चढ ३७ फुटांस एक फूट इतका आहे. त्या काळीं साऱ्या गाडीला एकदम लागणारा ब्रेक नव्हता. ब्रेकवाले निरनिराळ्या डब्यांवर हातानें चाक फिरवून ब्रेक आवळीत. म्हणून घाटांत बाजूला चढावर जाणारे रूळ घालून ठेविलेले असत. गाडी बेकाबू झालीच तर ती त्या चढावर जाऊन थांबावी. १८६९ सालीं अमेरिकेंत जॉर्ज वेस्टिंगहाऊस यानें हवेच्या दाबावर चालणाऱ्या ब्रेकचें पेटंट घेतलें, आणि पुढें सर्व डब्यांना एकाच वेळीं ब्रेक लावणें शक्य झालें. यांतून निघणारें तत्त्व ध्यानांत ठेवा. केवळ जोरानें थांबवून भागत नाहीं. थांबविण्याचा जोर योग्य चाकांवर, योग्य प्रमाणांत पोंचला पाहिजे.

आतां मोटारीचें युग. गंमत अशी कीं, ड्रम आणि डिस्क हीं भावंडें जवळजवळ जुळींच आहेत. १९०२ सालीं फ्रान्समध्यें लुई रेनो यानें ड्रम ब्रेकला आधुनिक रूप दिलें, आणि त्याच सालीं इंग्लंडांत बर्मिंगहॅमच्या फ्रेडरिक लँचेस्टर यानें डिस्क ब्रेकचें पेटंट घेतलें. म्हणजे ड्रम जुना आणि डिस्क नवी, हें माझ्या विद्यार्थ्याच्या मित्रांचें म्हणणें इतिहासाला धरून नाहीं. डिस्क मागें पडली ती कल्पना वाईट होती म्हणून नव्हे. लँचेस्टरपाशीं घासण्यासाठीं योग्य पदार्थ नव्हता. त्याचे पॅड तांब्याचे होते. ते कर्कश आवाज करीत आणि त्या काळच्या धुळीच्या रस्त्यांवर लवकर झिजत. ड्रमचें पातेलें झांकलेलें असल्यामुळें धूळ आंत कमी जाई. त्या रस्त्यांना ड्रमच मानवला.

घासण्याच्या पदार्थाचीहि एक कथा आहे. इंग्लंडमधील डर्बीशायरच्या डोंगराळ भागांत हर्बर्ट फ्रूड नांवाचा एक गृहस्थ होता. तेथील गाडीवान उतारावर ब्रेकच्या लांकडी ठोकळ्याला जुन्या बुटाचें कातडें लावतात, हें त्यानें पाहिलें आणि त्यावरून त्याला अधिक टिकाऊ अस्तर बनविण्याची कल्पना सुचली, असें सांगतात. १८९७ सालीं त्यानें आपला उद्योग मांडला. स्वतःच्या आडनांवाचीं अक्षरें फिरवून व त्यांत पत्नीच्या एलिझाबेथ या नांवाचें आद्याक्षर मिळवून त्यानें 'फेरोडो' हें नांव तयार केलें. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत तो अस्तरासाठीं अॅस्बेस्टॉस वापरूं लागला. उष्णतेला न जुमानणारा हा धागा पुढें जगभर ब्रेकच्या लायनरमध्यें आला. त्याची धूळ फुप्फुसांचा घात करते, हें उमजून त्याला हद्दपार करावयास मात्र पुष्कळ वर्षें गेलीं. म्हणून ज्यांच्या घरीं जुनी गाडी आहे त्यांना एक सूचना करून ठेवतों. जुना ड्रम उघडल्यावर आंतील काळी भुकटी फुंकर मारून किंवा हवेच्या नळीनें उडवूं नये. ओल्या फडक्यानें टिपून घ्यावी.

पहिल्या मोटारींना ब्रेक बहुधा फक्त मागच्या चाकांना असत. पुढच्या चाकांना ब्रेक लावला तर गाडी उलटेल किंवा हातांतून जाईल, अशी भीति होती. खरी गोष्ट उलट निघाली. धांवतां धांवतां आपण एकदम थांबलों कीं शरीर पुढें झुकतें, गाडीचेंहि तसेंच. जोरानें ब्रेक लावतांच तिचा भार पुढच्या चाकांवर येतो आणि मागचीं चाकें हलकीं होतात. लहान मोटारींत अशा वेळीं थांबविण्याच्या कामाचा दोनतृतीयांश किंवा त्याहूनहि अधिक वांटा पुढच्या चाकांना उचलावा लागतो. हें उमजल्यावर विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकांत चारी चाकांना ब्रेक आले. अशा गाड्या इतक्या लवकर थांबत कीं, मागून येणाराला इशारा म्हणून त्यांच्या पाठीवर तशी पाटी लावण्याची चाल पडली.

चारी चाकांना सारखा जोर पोंचवावयाचा कसा? तारांनीं व दांड्यांनीं तें नीट साधत नसे. एक तार ढिली, एक ताठ. अमेरिकेंत माल्कम लॉकहीड यानें द्रवाच्या दाबाचा उपयोग केला आणि १९१७ सालीं पेटंट घेतलें. १९२१ सालच्या ड्यूसेनबर्ग गाडीला चारी चाकांवर असे ब्रेक होते. शाळेंत आपण पास्कलचा नियम शिकतों कीं, बंद द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखा पोंचतो. परीक्षेपुरता पाठ केलेला हा नियम रोज आपल्या पायाखालीं काम करीत असतो.

एवढें झाल्यावर ड्रमचा मुख्य दोष उघडा पडला. पातेलें तापलें कीं तें फुगतें, म्हणजे शूपासून दूर जातें; अस्तरहि फार तापलें कीं त्याची पकड सुटते. मग पाय कितीहि दाबा, गाडी थांबत नाहीं. डिस्कचा तवा उघड्या हवेंत फिरतो, लवकर निवतो, आणि तापून फुगला तरी पॅडच्या दिशेनेंच फुगतो. विमानांच्या चाकांवर या ब्रेकनें आपला गुण सिद्ध केला होता. पुढें १९५३ सालीं फ्रान्समधील ल मां येथील चोवीस तासांच्या शर्यतींत डिस्क ब्रेकच्या जॅग्वार गाडीनें पहिला क्रमांक मिळविला, आणि त्या शर्यतींत सरासरी वेग प्रथमच ताशीं शंभर मैलांच्या वर गेला. पाहा, वेगाचा हा विक्रम शक्य होण्यांत थांबण्याच्या साधनाचा केवढा वांटा! ज्याला उशिरां ब्रेक लावतां येतो, तोच अधिक वेळ वेगांत राहतो.

दोनच वर्षांनीं, ११ जून १९५५ रोजीं, त्याच ल मां येथें फार मोठा अनर्थ झाला. एक जॅग्वार थांब्याकडे जाण्यासाठीं वेग कमी करूं लागली. तिच्या मागची गाडी बाजूला झाली आणि तिच्यावर भरधांव मर्सिडीझ आदळली. मर्सिडीझचे तुकडे प्रेक्षकांत उडाले. ऐंशींहून अधिक माणसें दगावलीं. या अपघाताचीं कारणें अनेक आहेत. मार्ग अरुंद होता, प्रेक्षकांना संरक्षण नव्हतें. पण जॅग्वारला डिस्क होत्या आणि मर्सिडीझला ड्रम, हेंहि खरें. एकाच रस्त्यावर एक गाडी लवकर थांबते आणि दुसरी उशिरां, तेव्हां चूक कोणाचीहि असो, प्राण जातात. आज मुंबई-गोवें महामार्गावर हातखंब्याच्या फाट्यापाशीं नव्या मोटारीच्या मागें जुनी फियाट चालविणारानें हें नेहमीं स्मरावें. पुढच्या गाडीइतकें आपल्याला लवकर थांबतां येणार नाहीं, हें जाणून अंतर ठेवावें. त्या अंतराला पैसा पडत नाहीं.

त्याच १९५५ सालीं फ्रान्सच्या सित्रोएन कंपनीनें आपल्या डी. एस. नांवाच्या गाडीला पुढच्या चाकांवर डिस्क ब्रेक दिले, आणि घरगुती मोटारींत त्यांचा प्रसार होऊं लागला. पुढच्या चाकांवर, हे शब्द कृपा करून लक्षांत ठेवा.

आतां आपण पुन्हां स्वदेशीं येऊं. सोलापुरांत जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यांतून प्रथम अमेरिकन आणि मग इटलीच्या फियाट मोटारी बाहेर पडूं लागल्या. त्यांतील गोलसर आकाराच्या एका जुन्या गाडीला लोकांनीं 'डुक्कर फियाट' असें लडिवाळ नांव ठेविलें. १९६४ पासून फियाट ११०० डी ही गाडी येथें होऊं लागली. तीच पुढें १९७४ च्या सुमारास 'पद्मिनी' झाली. डॉक्टर, वकील, व्यापारी यांच्या दारांत ती उभी राहिली; मुंबईच्या रस्त्यांवर काळ्यापिवळ्या टॅक्सीच्या रूपानें तिनें दोन पिढ्यांना वाहिलें. पद्मिनीची शेवटची टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ रोजीं मुंबईच्या रस्त्यांवरून निवृत्त झाली.

माझ्या प्रश्नाची किल्ली मला या गाडीच्या वंशावळींतच सांपडली. इटलींत ११०० डी च्या मागून १९६६ सालीं ११०० आर ही तिची धाकटी बहीण आली. तिच्या पुढच्या चाकांवर डिस्क ब्रेक होते. मागचे मात्र ड्रमच ठेविले होते. आपल्याकडे ती सुधारणा झाली नाहीं. परदेशी मोटारींना दार बंद होतें, मागणी पुरवठ्याहून अधिक होती, ग्राहक नंबर लावून उभा होता. मग बदल करण्याची निकड कोणाला भासावी? म्हणून विसावें शतक संपत आलें तरी पद्मिनी चारी ड्रमांवरच धांवत राहिली. परंतु ज्या कारागिरांनीं ती मुळांत घडविली, त्यांनीं स्वतः सुधारणा केली तेव्हां कोणत्या टोंकापासून केली? पुढच्या टोंकापासून. आणि माझा विद्यार्थी निघाला होता मागचे ड्रम बदलावयास!

मागचे ड्रम काढून डिस्क बसविणें होत नाहीं असें नव्हे. पुष्कळ हौशी लोक तें करतात. पण त्यांत चार गोष्टी सांभाळाव्या लागतात. पहिली हँडब्रेकची. ड्रममध्यें तोच शू तारेनें ओढून गाडी उभी ठेवतां येते. डिस्कला त्यासाठीं निराळी योजना लागते. नाहीं तर चढावर उभी केलेली गाडी उतरणीस लागावयाची. दुसरी गोष्ट मास्टर सिलिंडरची, म्हणजे पेडलखालीं जेथें दाब उत्पन्न होतो त्या भागाची. डिस्कच्या चिमट्याला बहुधा अधिक ऑइल लागतें, म्हणून जुना सिलिंडर अपुरा पडूं शकतो. शिवाय ड्रमांसाठीं नळींत थोडासा दाब कायम राखणारी एक झडप असते. ती तशीच राहिली तर डिस्कचे पॅड सदैव घासत राहतात आणि विनाकारण तापतात.

तिसरी गोष्ट पायाच्या जोराची. ड्रममध्यें फिरतें पातेलें एका शूला आपल्याबरोबर ओढून अधिकच घट्ट दाबतें; हें त्याचें उपजत साहाय्य आहे. डिस्कला तें नाहीं, म्हणून पेडल अधिक जोरानें दाबावें लागतें किंवा इंजिनाच्या निर्वातावर चालणारा मदतनीस जोडावा लागतो. चौथी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट तोलाची. मागची बाजू आधींच हलकी. तिला प्रमाणाबाहेर ब्रेक लागला तर मागचीं चाकें पुढच्यांच्या आधीं जखडतात. जखडलेलें चाक घसरूं लागतें आणि त्याची बाजूची पकड सुटते. मग गाडीची शेपूट पुढें येऊं पाहते. रत्नागिरींत वर्षाकांठीं तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. अशा निसरड्या रस्त्यावर, आणि तोहि घाटांत, याचा अर्थ काय होतो तें मीं सांगावयास नको.

येथें कायद्याचीहि बाजू आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ याचें ५२ वें कलम सांगतें कीं, नोंदणीच्या दाखल्यांतील कारखानदारानें दिलेल्या मूळ तपशिलाशीं विसंगत होईल असा फेरफार मालकानें करूं नये. पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठीं २०२१ सालीं केंद्र सरकारनें स्वतंत्र नियम केले. वारसा म्हणून नोंद हवी असेल तर गाडी मूळ स्वरूपांत राखलेली असावी, आणि तिचा सांगाडा, बाह्यांग किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा, अशी त्यांत अट आहे. म्हणून बदल करण्यापूर्वीं परिवहन कार्यालयांत विचारून घेणें शहाणपणाचें.

हें सारें मीं विद्यार्थ्याला सांगितलें. तो म्हणाला, "सर, मग त्या दिवशीं घाटांत ब्रेक गेला तो कशानें?" या प्रश्नाचें उत्तर माझ्या पुस्तकांत नव्हतें. आम्ही दोघे एका वृद्ध मिस्त्रींकडे गेलों. त्यांनीं प्रथम गाडीला हातहि लावला नाहीं. ब्रेक ऑइलच्या डब्याचें झांकण काढलें, आंत पाहिलें आणि विचारलें, "हें बदलून किती वर्षें झालीं?" विद्यार्थ्याला आठवेना. ऑइल काढ्यासारखें काळपट झालें होतें.

मिस्त्रींनीं समजावून दिलें तें असें. नेहमींचें ब्रेक ऑइल हवेंतील ओलावा शोषून घेतें. आपल्या कोंकणच्या दमट हवेंत तर विचारूंच नका. साधारण प्रतीचें ताजें ऑइल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाहीं. त्यांत तीनचार टक्के पाणी मुरलें कीं तेंच १४० अंशांच्या आसपास उकळूं शकतें. उकळलें कीं नळींत वाफ होते. द्रव दबत नाहीं, पण वाफ दबते. म्हणून पेडल स्पंजासारखें होऊन तळाला जातें. पास्कलचा नियम मोडला नव्हता. नळींत द्रवाच्या जागीं वाफ आली होती. आणि ती वाफ कोठें झाली असेल? जेथें सर्वांत अधिक उष्णता, तेथें, म्हणजे पुढच्या चाकांपाशीं. मागें डिस्क असत्या तरी त्या दिवशीं कांहीं वेगळें घडलें नसतें, कारण डिस्कलाहि तेंच ऑइल दाबतें.

मग मिस्त्रींनीं मागचा ड्रम उघडून दाखविला. एका बाजूच्या सिलिंडरचें रबर गळत होतें, लायनर चकचकीत झालें होतें. ते म्हणाले, "ड्रम वाईट नाहीं, ड्रमकडे कोणीं पाहिलेलें नाहीं." आणि थोडें थांबून पुढें म्हणाले, "त्या दिवशीं तुमचा हँडब्रेक यानेंच धरला. हा ऑइलवर चालत नाहीं, तारेवर चालतो. ज्यानें जीव वांचविला त्यालाच तुम्ही काढावयास निघालां होतां."

माझा विद्यार्थी बराच वेळ त्या उघड्या ड्रमाकडे पाहत राहिला.

शेवटीं काय ठरलें तें सांगतों. सारें ऑइल बदललें. पुढें दर दोन वर्षांनीं बदलावयाचें. चारी चाकांचीं रबरें व लायनर नवीं घातलीं. मागचे ड्रम तसेच ठेविले. परवानगीची चौकशी करून पुढें बदल करावयाचाच झाला तर दोनच करावयाचे. एक, दाबाचे दोन स्वतंत्र मार्ग असलेला मास्टर सिलिंडर, म्हणजे एक नळी फुटली तरी दोन चाकें हातांत राहतात. अमेरिकेंत १९६८ पासून नव्या मोटारींना अशी दुहेरी योजना सक्तीची झाली आहे. या जुन्या गाडींत ती नव्हती. दुसरा, पुढच्या चाकांना डिस्क, जसें इटलींत १९६६ सालीं केलें तसें. काढलेला प्रत्येक मूळ भाग तेल लावून पेटींत ठेवावयाचा, म्हणजे पुढच्या पिढीला गाडी पूर्वींसारखी करावयाची झाली तर वाट मोकळी राहील.

आणि ड्रम म्हणजे जुना जमाना म्हणणारांसाठीं इतिहासानें शेवटीं एक चमत्कार राखून ठेविला आहे. विजेवर चालणाऱ्या आजच्या मोटारी वेग कमी करतांना आपल्या मोटरनेंच पुष्कळ काम करून घेतात. त्यामुळें मागच्या ब्रेकना फारसें कामच उरत नाहीं. वापराविना उघडी डिस्क गंजते. म्हणून जर्मनीच्या फोक्सवॅगन कंपनीनें आपल्या आय. डी. मालिकेंतील विजेच्या गाड्यांना मागच्या चाकांवर पुन्हां झांकलेले ड्रम बसविले. आमच्या मांडवीच्या खाऱ्या वाऱ्यांत रात्रभर उभ्या असलेल्या मोटारीच्या डिस्कवर सकाळीं तांबूस गंज दिसतो, तो मीं कित्येकदां पाहिला आहे. हें कारण समजावयास मला जर्मनीस जावें लागलें नाहीं. जुनें तें टाकाऊ आणि नवें तें उत्तम, असा सोपा नियम इतिहासांत सांपडत नाहीं. कोणत्या जागीं काय शोभतें, हें पाहावें लागतें.

श्रोतेहो, गेल्या कार्तिकांत तो विद्यार्थी पुन्हां कोल्हापुरास जाऊन आला. येतांना आंबा घाटाच्या माथ्यावर गाडी थांबवून त्यानें दुसरा गिअर घातला आणि तसाच, सावकाश, सारा घाट उतरला. पायथ्याशीं उतरून त्यानें चाकांना हात लावून पाहिला. चाकें कोमट होतीं, एवढेंच.

आई मागच्या आसनावर झोंपली होती.